तरोट्यासारखं काहीतरी

चंद्रपूरच्या कडेला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं. म्हणून बांधकामाआधी टिप्परने मुरूम आणून टाकला. तो कुठून आला हे आम्ही विचारलं नाही. टिप्परवाल्यालाही धड ठाऊक नसावं. घरामागच्या सांदवाडीत मी हौसेने वांगी आणि वाल लावले, ते राहिले बाजूला आणि त्या मुरमातून भलतीच झाडं माजली. गाजरगवत तेवढं मला ओळखू येत होतं, बाकी सगळे बिनबुलाये पाहुणे. मला त्यांचा मनापासून राग यायचा. नवरा म्हणायचा, सरकारी नोकरीतल्या माणसाला अतिक्रमण दिसलं की असंच होतं.

आई मात्र खूश होती. वडील गेल्यावर ती नागभीडजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली होती आणि शहरात तिला करमत नव्हतं. आमच्या गावाकडे जमिनीतून काही वर आलं की उपटायच्या आधी ते खाता येतं का हे पाहतात. मी लहान असताना धानाच्या बांधावरून आणि जंगलाच्या कडेने ती ओटीभर पाला आणायची, आणि तिचा हात कधी चुकला नाही. ताटात काय पडलंय हे आम्ही भावंडांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

वर्षावास सुरू होता. संध्याकाळी ती कॉलनीतल्या बुद्धविहारात ग्रंथवाचनाला जायची आणि सकाळी वाडीत तरोटा, म्हणजे टाकळ्याचा कोवळा पाला, खुडायची. लसूण आणि लाल मिरचीत परतलेली ती भाजी माझी नखरेल मुलंही मुकाट्याने खायची. एका सकाळी ऑफिसला निघताना तिच्या सुपातल्या पाल्यावर माझी नजर अडकली. तरोट्याच्या काडीवर पानांच्या तीन जोड्या असतात आणि पानं टोकाला गोलसर असतात, हे मला तिनेच शिकवलेलं. सुपात तसा पाला होता. पण त्यातच दुसराही मिसळलेला होता, चार-पाच जोड्यांचा, टोकदार पानांचा. चुरगळून पाहिला तर उग्र, नको वाटणारा वास आला.

मी विचारलं, हे काय आहे. ती मान वर न करता म्हणाली, "तरोटा आहे. दुसरं काय राह्यते?"

तो पाला आज शिजवू नकोस, मला दाखवायचाय कुणाला तरी, एवढंच सांगून मी एक काडी पर्समध्ये टाकली. ऑटोत बसल्यावर मी दिवस मोजले. पावसाळा लागल्यापासून आम्ही हीच भाजी खात होतो. मधे मुलाचं पोट दुखलं होतं, मुलीला मळमळलं होतं. तेव्हा मी दोघांनाही शाळा बुडवायचे बहाणे म्हणून दटावलं होतं. आता ते सगळं एकेक करून आठवायला लागलं.

ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याला फोटो पाठवला. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. मोठ्या झाडांना शेंगा कशा आहेत, असं त्याने विचारलं. चपट्या, वर वळलेल्या, मी म्हटलं. मग हा कासविंदा, तरोट्याच्याच कुळातला, तो म्हणाला. मूळचा आपल्याकडचा नाही, भरावाच्या मातीत झपाट्याने पसरतो, रोप लहान असताना पुष्कळ लोक त्याला तरोटा समजतात. शेंगा पिकायच्या आत उपटून टाका, त्यातल्या बिया लहान मुलांच्या पोटात गेल्या तर फार वाईट होऊ शकतं. शिजवलेला पाला काही ठिकाणी खातात, पण मी तुमच्या जागी असतो तर खाल्ला नसता. आजवर काही झालं नाही ना, मग आता घाबरू नका.

मुलांची काळजी तिथे मिटली. पण फोन ठेवला आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. पुष्कळ लोक फसत असतील, आई कशी फसली? एक तर ते झाड भलतंच लबाड होतं, नाहीतर माझ्या आईला काहीतरी होत होतं. सगळा दोष झाडाचाच निघावा असं मला वाटत होतं.

संध्याकाळी हातमोजे घालून मी कासविंद्याचं एकेक रोप मुळासकट उपटलं. त्या नादात खरा तरोटाही गेला. आई पायरीवर बसून बघत होती. तिने मला अडवलं नाही, की एका शब्दाने विचारलं नाही. एरवी वालाचं एक पान जास्त तुटलं तरी बोलणारी बाई ती.

रविवारी सकाळी उठले तर ती कुठूनतरी पाला घेऊन आली होती आणि भाजी शिजलीही होती. शेजारच्या पडीक प्लॉटवरून आणली म्हणाली. मी सरळ तिकडे गेले. तिथे दोन्ही झाडं एकमेकांना खेटून उभी होती. दोन्हींची एकेक काडी तोडून आणली, तिच्यापुढे ठेवली आणि यातला तरोटा कोणता, असं विचारलं. शक्य तितकं हसत विचारलं.

तिने दोन्ही काड्या हातात घेतल्या. उलटसुलट केल्या, बोटांनी पानं चाचपली, नाकाशी नेल्या. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, जोड्या मोज, आई, जोड्या मोज. तिने दोन्ही खाली ठेवल्या.

"तू मले तपासून राह्यली ना?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "डोळ्यानं दिसते मले. पान बी दिसते. पण पान पाह्यलं का आतून नाव येत होतं पयले, ते आता येत नाई. मागल्या उन्हाळ्यापासून."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि मग जे आधी विचारायला हवं होतं ते मी विचारलं. ओळखू येत नाही तर आम्हाला शिजवून घालायचं धाडस तिने केलं तरी कसं? माझा आवाज चढला होता.

"तुमाले तशीच कशी देईन?" ती म्हणाली. "सकाळी आदी मी खातो. दुपारपर्यंत मले काई झालं नाई, तं मंग तुमच्या ताटात वाढतो."

चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, उतरवलेली कढई तिच्या बाजूलाच होती. त्यातली थोडी भाजी काढलेली दिसत होती. मी विचारलं, आजही खाल्लीस का.

"हो," ती म्हणाली. "दुपार व्हाचीच आहे अजून."