भट्टीचा पाना

आमची ताई भात शिजायला लावते आणि सारखं झाकण काढून बघते, म्हणून तिचा भात कायम कच्चट. मुलगा झोपला की खरंच झोपलाय ना, म्हणून त्याला हलवून बघते. अशा बाईला भट्टी सांभाळायला देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

पण कारखान्याने दिली. आम्ही दोघी तिथेच कामाला. मी नारळाच्या करवंट्या धुऊन फोडते, ताई त्या भाजते. त्यांचा कार्बन सोडियमच्या बॅटरीत जातो. नेहमीच्या ग्राफाइटमध्ये सोडियमला नीट शिरता येत नाही, त्याला असा आतून फटीफटींचा, वेडावाकडा कार्बन लागतो. करवंट्या बंद नळीत, नायट्रोजन सोडून भाजायच्या आणि पुरत्या निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. हवा आत गेली की तापलेला कार्बन पेटतो. नळीतून निघणारा नायट्रोजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत जातो, त्यावरून तो चालू आहे हे कळतं.

मागच्या वेळी नळी बाहेरून गार लागली म्हणून ताईने उघडली. निघाली पांढरी राख. कारखान्याचे सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अजून एक घाणा काढा. तोही गेला तर भट्टीवर दुसरं कुणी बसवावं लागेल." ताईचं तोंड एवढंसं झालं.

या वेळी भट्टी बंद केल्यावर तिने झाकणाचा पाना माझ्या पिशवीत टाकला. "घरी घेऊन जा. मी मागितला तरी देऊ नकोस."

संध्याकाळी ती माझ्या दारात उभी.

"नायट्रोजनचे बुडबुडे मंद वाटतायत गं. पाना दे."

"नाही."

"जरासंच बघते."

"तुझं जरासं मला माहितीये."

"मी मोठी आहे तुझ्याहून."

"मग मोठ्यांसारखी वाग."

ती रडकुंडीला आली, मला नाही नाही ते बोलली आणि तरातरा निघून गेली. माझा जीव टांगणीला लागला. बुडबुडे खरंच मंद असतील तर? तिची भट्टी माझ्या हट्टापायी जायची. पाना मी पिठाच्या डब्यात खुपसला, कारण आता मलाच तो घेऊन धावत सुटावंसं वाटत होतं.

सकाळी भट्टी पुरती निवली होती. ताईने पाना हातात घेतलाच नाही, झाकणाचे नट मलाच सोडवावे लागले. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काय आहे?"

"काळं."

"सगळं?"

"सगळं."

"नीट बघ."

मी एक तुकडा काढून तिच्या तळहातावर चुरला. हात काळा झाला, तेव्हा कुठे ती रडली.