मुंबईवरचा पिवळा

मुंबईवरचा पिवळा रंग रेजिनाआजीने पुसला नव्हता.

सकाळपासून जे मेसेज फिरताहेत, त्यांत तिनेच पुसला असं लिहिलंय. ते चूक आहे.

रेजिनाआजी म्हणजे माझ्या पप्पांची आत्या. आज सकाळी ती गिरगावच्या घरी वारली. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. तुमच्यापैकी काहींनी वाचायला शिकण्याआधी तिचे हत्ती आणि बोके पाहिले असतील.

मी प्रिंटिंग टेक्नॉलॉजी शिकले ती तिच्यामुळे. म्हणून हे मीच लिहायला हवं.

आधी तिची पद्धत सांगते.

तेव्हा चित्रकाराला रंग वेगळे करून द्यावे लागत. प्रत्येक रंगाची एक पारदर्शक शीट, आणि प्रत्येक शीटवर फक्त काळी शाई. लाल शीटवरचं काळं प्रेसमध्ये लाल छापलं जाई, पिवळ्या शीटवरचं पिवळं. एकावर एक छापले की चित्र पूर्ण.

म्हणजे आयुष्यभर तिने काळ्या शाईत पोपट रंगवले.

लहानपणी मी विचारायचे, "आजी, हा कुठला काळा?"

"हा पिवळा. बोट लावू नको, ओला आहे."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती बावीस-तेवीस वर्षांची होती. मुलांना देशाची ओळख करून देणारं एक चित्रपुस्तक तिच्याकडे आलं. त्यात एक नकाशा होता.

मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायचं घाटत होतं. प्रकाशक सावध माणूस, प्रेसही त्याचाच. त्याने सांगितलं, महाराष्ट्र गुलाबी, मुंबई नारिंगी. म्हणजे मुंबईपुरता गुलाबीवर थोडा पिवळा.

पुस्तक छापून आलं तेव्हा मुंबईही गुलाबी होती.

गोळीबार होऊन गेला होता. त्या पानाचा अर्थ गिरगावात कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

त्याआधी आमच्या घराला एक टोमणा ठरलेला होता. "तुमचं काय बाई, मुंबई कुणाचीही झाली तरी तुमचं चर्च आहेच." आमच्या किती पिढ्या इथे गेल्या, घरात आम्ही मराठीच बोलतो, हे कोण ऐकणार.

नकाशा बघितल्यावर टोमणा मारणारी तीच शेजारीण, सुमनकाकू, डबाभर करंज्या घेऊन आली.

"रेजिना, तू आपली निघालीस गो."

आजीने करंज्या घेतल्या. 

पुढे राज्य झालं. एक मेला शाळा तिला झेंडावंदनाला बोलवायच्या. प्रत्येक ठिकाणी तिने पिवळा पुसल्याचा तोच किस्सा सांगितला जाई. ती मान खाली घालून बसे. लोकांना तो विनय वाटायचा. मलाही.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्या सगळ्या शीट्स स्कॅन करायला घेतल्या.

नकाशाच्या पिवळ्या शीटवर मुंबई होती. भरीव, काळी, कडा अगदी नीट.

मग मी छापलेलं पान भिंगाखाली धरलं. मुंबईच्या जागी पिवळ्याचे चार-पाच बारीक ठिपके आणि घासल्याच्या रेघा. शाई कमी पडली तर असं दिसत नाही. शीटवरून छपाईची धातूची प्लेट तयार झाल्यावर कोणीतरी तेवढाच भाग घासून काढला होता.

मी तिला स्क्रीनवर दाखवलं.

"तुझ्या मशीनला फार दिसतं," ती म्हणाली.

"कोणी केलं?"

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दत्तू परब. प्रेसमधला प्लेटवाला. लालबागला राहायचा."

प्रकाशकाने दोघांना समोर उभं करून विचारलं होतं. दोघांपैकी एकानेच हे केलेलं असणार. परब गप्प होते. आजीने पिशवीतून ती शीट काढून टेबलावर ठेवली.

"मी म्हटलं, माझं काम बरोबर आहे, बघून घ्या."

परबांची नोकरी त्याच दिवशी गेली. पुस्तक मात्र दुकानांतून भराभर खपत होतं, ते मागे घेतलं नाही. आजीला पुढचं पुस्तक मिळालं, मग त्याच्या पुढचं.

"जाताना ते काही बोलले?"

"हसला. म्हणाला, बाई, रंग काय घट्ट भरतास तुम्ही, घासून घासून हात दुखले माझे."

शीटवरच्या शाईचा जाडपणा प्लेटवर उतरत नाही. तिला बरं वाटावं म्हणून ते तसं बोलले असावेत. मी हे तिला सांगितलं नाही. तिला माहीत असणारच.

नंतर ती एकदा लालबागला त्यांच्या चाळीत जाऊन आली. खोलीत दुसरी माणसं होती. परब बायको-मुलांना घेऊन गावी गेले, मालवणकडे, एवढंच कळलं.

"मग लोकांना का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी काय सांगणार?"

"आता मी लिहू?"

"मी असताना नको. मला इथे राहायचंय."

नव्वदी उलटली होती तिची तेव्हा. सुमनकाकू जाऊनही वीसेक वर्षं झाली होती.

मघाशी पप्पा म्हणाले, "आज तरी नको. माती होऊ दे तिची."

त्यांचं म्हणणं मला कळतं. पण उद्या चर्चमध्ये कोणीतरी उठून तोच किस्सा सांगेल आणि मी पहिल्या बाकावर बसून ऐकत असेन. ते मला जमणार नाही.

तिला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. भिंग कसं धरायचं ते मला तिनेच शिकवलं. तिच्या जागी मीही कदाचित शीटच दाखवली असती. हे लिहितानाही मला बरं वाटत नाहीये.

दत्तू परब यांच्या घरातलं कोणी हे वाचत असेल तर कृपया मला मेसेज करा. त्या पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे आहे, ती तुमच्याकडे असायला हवी. त्या पानावरची मुंबई तुमच्या माणसाने केली आहे.

रेजिनाआजी, आता तुला इथे राहायचं नाही. म्हणून सांगितलं.

शांतपणे जा.