सगळीकडून बाहेर

ऑफिसात त्याला सगळे 'कुलूपकाका' म्हणत. काम तसंच होतं बाबाचं. कुणी ब्राउझरमधलं पासवर्ड जपणारं एक्स्टेन्शन उघडं टाकून चहाला गेलं, की हा मागे हजर! "साहेब, कडी न लावता गावाला जाता का?" साहेबही मुकाट्यानं लॉगआउट करत. संशय आला की आधी सगळी लॉगिन बंद, चौकशी मागून. हा त्याचा शिरस्ता.

घरी तो आणि भाची. तिची आई, म्हणजे याची ताई, आजारात गेली. जाण्याआधी तिनं लेकीसाठी आपला आवाज भरून ठेवला होता. रागावणं, गुणगुणणं, "जेवलीस का गं?" ठेवला कुठे, तर त्याच एक्स्टेन्शनच्या, एका मुख्य पासवर्डनं उघडणाऱ्या तिजोरीत, भावानंच शिकवलं होतं ना! "मुख्य पासवर्ड कुणाला सांगू नकोस, मलासुद्धा नाही," हेही यानंच बजावलेलं. ताई बिचारी शब्दाची पक्की. पासवर्ड तिच्याबरोबर गेला. तिच्या जुन्या लॅपटॉपवर लॉगिन तेवढं चालू राहिलं, आणि त्याच्या जिवावर पोर रोज संध्याकाळी आईजवळ बसायची. दुसरीकडे प्रत काढून ठेवू का म्हणाली, तर हा म्हणे, "प्रती वाढल्या की गळती आलीच."

एका रविवारी यानं सहज पाहिलं, ताईचं खातं कुठे कुठे उघडं आहे. यादीत लॅपटॉपच्या खाली एक अनोळखी ब्राउझर! ताईच्या आवाजाला परक्याचा हात? बोट सवयीनं 'सगळीकडून बाहेर' या बटणावर पडलं. क्षणात समोरचा लॅपटॉपही मुख्य पासवर्ड मागू लागला. अरे देवा!

एक्स्टेन्शनच्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, तो पासवर्ड आमच्याकडेही नसतो, म्हणून तर तिजोरी सुरक्षित. हेच तो ऑफिसात नव्या लोकांना छाती फुगवून सांगायचा.

भाची घरी आली. "चोर शिरला होता गं," तो कसाबसा म्हणाला. "त्याला हाकलायला गेलो आणि..."

ती लॅपटॉपकडे बघत राहिली. "मामा, तो कॉलेजच्या लायब्ररीतला कॉम्प्युटर. या लॅपटॉपवरून परवानगी देऊन मीच तिथं खातं उघडलं होतं. मधल्या सुट्टीत फार एकटं वाटतं रे."

मामा ढसाढसा रडला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. दोघांनी सुचतील ते शब्द घालून पाहिले, एकही लागला नाही.

शेवटी ती म्हणाली, "मामा, आई 'जेवलीस का गं' म्हणायची ना, तसं म्हण."

त्यानं म्हटलं.

"असं नाही," ती म्हणाली.

त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा म्हणून पाहिलं.