वजाबाई

अभ्यासिकेत माझ्या बहिणीला सगळे वजाबाई म्हणायचे, तेही तिच्या तोंडावर. भरती परीक्षेत उत्तर चुकलं की मिळवलेल्या गुणांतून काही गुण वजा होतात, हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. कुणी अंदाजाने उत्तर ठोकलं की मान न उचलता ती एकच शब्द म्हणायची, "वजा." शंका आली की सोडायचं, हा तिचा नियम. तिथे एक मुलगा होता, दर भरतीत धावण्यात पहिला आणि लेखीत नापास. त्याला सगळे पळपुटा म्हणत. तो म्हणायचा, ताईला कुणी बघायला आलं आणि मुलगा पसंत आहे का असं विचारलं, तर ताई आधी विचारेल की चुकलं तर किती कापणार. ती हसायची आणि त्यालाच पुढचा प्रश्न टाकायची.

अभ्यासिका म्हणजे एका छापखान्याच्या वरचा लांब हॉल. प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या खुर्चीएवढ्या जागा, प्रत्येकाच्या डोक्यावर एक दिवा, आणि खालच्या यंत्राची थरथर दिवसभर तळपायांना जाणवायची. माझा डिप्लोमा झाला आणि मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागलो. अभ्यासिकेतला इन्व्हर्टर बिघडला की मालक मलाच बोलवायचे, त्यामुळे मी सगळ्यांना ओळखायचो. दुपारच्या चहाला मंडळी जिन्यात बसत. ताई सगळ्यात वरच्या पायरीवर, मांडीवर सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक. उत्तर बरोबर आलं तर ती शाबास वगैरे म्हणायची नाही. "पुढचा," एवढंच. जिन्यातल्या माणसांना तो शब्द ऐकायला बरं वाटायचं.

ही पद्धत तिची नव्हती. ती आमच्या बाबांची होती.

बाबांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींच्या मधे राहिलेली फट, तिला पुढून शटर. आत एक टेबल, कपड्यांचे गठ्ठे, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी आणि कोळशाची जड इस्त्री. विजेच्या इस्त्रीने कपडा गरम होतो, सरळ होत नाही, असं बाबांचं मत होतं. मी विजेचं शिकलेलो, म्हणून हे मत ते खास माझ्यासमोर मांडायचे.

शाळा त्यांची लवकर सुटली होती. ताईने परीक्षा द्यायच्या ठरवल्यावर ती संध्याकाळी दुकानात गठ्ठ्यावर बसून मोठ्याने वाचायची. बाबांचे हात कामात, कान मोकळे. वर्षभर ऐकून ऐकून प्रश्न त्यांना पाठ झाले आणि मग उलटंच सुरू झालं: बाबा विचारणार, ताई सांगणार. उत्तर बरोबर आलं की ते इस्त्री पत्र्याच्या घडवंचीवर ठेवायचे. ठक. मग "पुढचा." प्रश्न, उत्तर, ठक. तिला ते साहेब म्हणायचे. गंमत म्हणून सुरू झालेलं, पण हळूहळू त्यातली गंमत कमी होत गेली. माझी मुलगी खुर्चीत बसणार हे त्यांच्यापुरतं ठरून गेलं होतं, फक्त खुर्ची कुठली ते ठरायचं होतं.

गिऱ्हाईकांनाही ते सोडायचे नाहीत. एकदा एक बाई शर्ट वेळेवर मिळाला नाही म्हणून तावातावाने बोलत होत्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, रक्ताला लाल रंग कशामुळे येतो? बाई गप्पच झाल्या. बाबा मागे वळून म्हणाले, "साहेब, सांगा यांना." गठ्ठ्यामागून आवाज आला, "हिमोग्लोबिन." ठक. बाई हसत हसत गेल्या आणि जाताना शर्ट न्यायचा विसरल्या.

यातली कितीतरी उत्तरं बाबांसाठी नुसती नावं होती. प्रकाशसंश्लेषण हा शब्द ते एका दमात असा म्हणायचे की जणू ते आमच्या नातेवाईकांचं गाव आहे. त्याच पुस्तकात एक प्रश्न होता: बंद जागेत कोळसा जळत राहिला तर कोणता विषारी वायू जमा होतो, ज्याला रंगही नसतो आणि वासही नसतो? शेगडी फुंकता फुंकता बाबांनी तो कितीदा विचारला असेल. कार्बन मोनॉक्साइड, ठक, पुढचा. आम्ही तिघेचौघे रोज त्या शेगडीभोवती असायचो. पण पुस्तकातला कोळसा वेगळा आणि आमच्या शेगडीतला कोळसा वेगळा, असंच काहीतरी आमच्या डोक्यात होतं. मी तर तांत्रिक शिक्षण घेतलेला माणूस. मलाही ते दोन कोळसे एक आहेत हे कधी दिसलं नाही.

त्या थंडीत बाबांना खोकला झाला होता. रस्त्यावरचा वारा सरळ दुकानात शिरायचा. अभ्यासिकेला निघताना ताई दुकानाशी थांबली आणि रागावल्यासारखं करत म्हणाली की दुपारी पडता तेव्हा शटर पूर्ण ओढून घेत जा, अर्धं उघडं ठेवून काय मिळतं. बाबांनी सलाम ठोकला. "जी साहेब."

दुपारी त्यांनी शटर जमिनीपर्यंत ओढलं. संध्याकाळच्या गठ्ठ्यासाठी निखारे तसेच ठेवले, त्यांच्यावर राख सारली आणि कपड्यांवर आडवे झाले. आई चहा घेऊन गेली तेव्हा शटर वाजवून वाजवून तिचा हात दुखला. शेवटी शेजारच्या कुलूपवाल्याने ते उचललं.

दवाखान्यात डॉक्टर आम्हाला समजावून सांगत होते. माणूस झोपेतच जातो, त्याला काही कळत नाही. हा जो वायू असतो ना, असं म्हणून ते जरा थांबले. बहुतेक सोपा शब्द शोधत असावेत. मी ताईकडे बघत होतो. डॉक्टरांनी नाव घेण्याआधीच तिचे ओठ हलले होते. प्रश्न आला की उत्तर येणारच, इतक्या वर्षांची सवय होती ती.

त्यानंतर आमच्या घरात कुणी इस्त्रीला हात लावला नाही. मी चुरगळलेल्या शर्टाने लिफ्ट दुरुस्त करायला जायचो. आई एका दवाखान्यात चादरी धुण्याच्या कामाला लागली. परटाच्या घरचे असून असे कसे, असं एकदोघांनी थट्टेत म्हटलं. पुढे कुणी म्हणालं नाही.

ताई अभ्यासिकेत परत गेली ती आईमुळे. ती जायला तयारच नव्हती. आईने वाद घातला नाही, फक्त पिशवी भरून दारात ठेवली आणि म्हणाली, "ते तुला साहेब म्हणायचे. मी काय म्हणू आता?" वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची परीक्षा होती. यानंतर तिला अर्जच करता येणार नव्हता. ताईने पिशवी उचलली.

मग ती इतका अभ्यास करायला लागली की पळपुट्यालाही तिची चेष्टा करवेना. जिन्यातले प्रश्न चालूच होते. फक्त एक पान ती न थांबता उलटायची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र एकदा पाहिलं.

आता तिची परीक्षेतली पद्धत सांगायला हवी. ती आधी प्रश्नपुस्तिकेतच खुणा करायची आणि शेवटी सगळी उत्तरं एका दमात उत्तरपत्रिकेवर उतरवायची. एकेक गोल काळा करत बसलं की वेळ जातो, लय तुटते, असं तिचं म्हणणं. उतरवताना मनात आकडे म्हणायची, दोन, चार, एक, तीन. प्रत्येक आकड्यामागे बाबांच्या इस्त्रीचा ठोका असायचा, हे तिने मला फार पूर्वी सांगितलं होतं. आणि शंकेचा प्रश्न असला तर पुस्तिकेत फुली. उतरवताना फुलीपाशी आली की मनात म्हणायचं "सोड" आणि तेवढी ओळ रिकामी ठेवायची. दोन, चार, सोड, तीन. अर्ध्या अभ्यासिकेने ही पद्धत तिच्याकडूनच घेतली होती.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. घंटा झाली, गर्दी बाहेर पडली, सगळे एकमेकांना उत्तरं विचारत होते. ताई सगळ्यांच्या मागून आली, अगदी सावकाश, काठोकाठ भरलेलं भांडं नेताना माणूस चालतो तशी. पेपर कसा होता विचारलं तर म्हणाली, सोपा होता. मी खूश झालो. चहा घेऊ म्हटलं. ती फाटकाशेजारच्या कठड्यावर बसली.

"एक ओळ सरकली," ती म्हणाली.

मला पटकन समजलं नाही. मग तिने सांगितलं. उत्तरं उतरवून संपली आणि खाली एक ओळ उरली होती. तिने वर बघितलं, मोजलं, पुन्हा मोजलं. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानापासून पुढचं प्रत्येक उत्तर एक ओळ वर गेलं होतं. शाई पेनची, खोडता येत नाही. पर्यवेक्षक बाई तिच्या टेबलाशी आल्या, तिने हात बाजूला केला आणि त्यांनी कागद उचलला.

माझ्या कामात असं होतं. बऱ्याच तारांचं एकत्र जोडणं एक खाच सरकून बसतं. प्रत्येक तार चांगली, प्रत्येक बटण चांगलं, आणि लिफ्ट जागची हलत नाही. तेव्हा आम्ही जोडणं काढून परत नीट बसवतो, दोन मिनिटांचं काम. मी तिथे उभा राहून तेच म्हणत होतो, उत्तरं तर सगळी बरोबर आहेत, कुणाला तरी भेटू, अर्ज करू. कागद यंत्र तपासतं हे तिला माहीत होतं, मला तर तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. यंत्र फक्त काळा गोल बघतं. माणसाच्या मनात काय होतं, ते त्याला कुठून दिसणार?

मग मी रागावलो. इतक्या वर्षांत तिची ओळ कधी चुकली नव्हती. फुली दिसली नाही का, "सोड" म्हणायला विसरलीस का, असं मी विचारत सुटलो.

"फुली केलीच नव्हती," ती म्हणाली.

"का?"

"फुली शंकेची असते. मला शंका नव्हती."

समोरून मुलं जात होती. कुणीतरी ओरडून कुणाला तरी एका राजधानीचं नाव विचारत होतं. ताई हातातल्या पुस्तिकेकडे बघत होती, पण तिने ती उघडली नाही.

"कोळशाचा होता," ती म्हणाली. "तोच. पहिल्या पानावर शेवटचा. चार पर्याय, दुसरा बरोबर. मी खूणच न करता पान उलटलं."

मी तिच्याजवळ बसलो. पुढचं ती हळू बोलली, मला वाकून ऐकावं लागलं.

"शटर ओढा म्हणून मीच सांगितलं ना रे त्यांना. आणि त्या उत्तराचा मला गुण मिळणार? मला नको होता तो गुण."

मी म्हणालो की आम्ही सगळेच तिथे होतो, सगळ्यांनाच ते उत्तर येत होतं. तिने मान हलवली, जिन्यात कुणाचं उत्तर ऐकून घेताना हलवायची तशीच. बरोबर म्हणाली नाही, वजाही म्हणाली नाही.

निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे फार थोडे गुण होते, वजाच जास्त. पळपुटा त्या वेळी पास झाला, लेखीतसुद्धा. पेढे वगैरे काही न आणता तो सरळ आमच्या घरी आला आणि दारातच रडायला लागला. ताईनेच त्याला पाणी दिलं. ताई परीक्षा देऊन घरी आली त्या दिवसापासून आई तिला नावाने हाक मारत होती. पूर्वी आम्ही सगळेच अधूनमधून साहेब म्हणायचो, तो शब्द कसा कोण जाणे आपोआप बंद झाला.

अभ्यासिकेच्या मालकांनी तिला देखरेखीला ठेवून घेतलं. आता ती तिथल्या जागा नेमून देते, दिवे बघते, आणि दुपारी जिन्यात वरच्या पायरीवर बसते. परवा इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला गेलो तर चहाची वेळ होती. सगळे चेहरे नवे. तिला वजाबाई म्हणणारं आता तिथे कुणी उरलेलं नाही, नवी मुलं मॅडम म्हणतात. पुस्तक एका मुलीच्या हातात होतं आणि तीच सगळ्यांना विचारत होती. पान उलटायचं ते तिला कुठून माहीत असणार. तिने तो प्रश्न वाचला आणि लगेच तिच्या शेजारची चटकन म्हणाली, "कार्बन मोनॉक्साइड."

सगळे ताईकडे बघत राहिले. बरोबर उत्तरानंतर तिचा शब्द आल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही पद्धत नव्या मुलांनाही लागली होती. मी हातातला पाना तसाच धरून थांबलो.

"तुमच्या घरी शेगडी आहे?" ताईने उत्तर देणारीला विचारलं.

मुलगी गोंधळली. आहे, म्हणाली, थंडीत आजीच्या खोलीत ठेवतो.

"खिडकी उघडी असते?"

मुलीने शेजारणीकडे बघितलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग ती जरा भीतभीतच म्हणाली, "मॅडम, हे अभ्यासक्रमात आहे का?"

"नाही," ताई म्हणाली.

खालचं यंत्र चालू होतं, पायरी थरथरत होती. ताईने कप खाली ठेवला. "घरी जा आणि खिडकी बघून ये," ती म्हणाली. "आत्ता. आम्ही थांबतो."

मुलगी खरंच उठली आणि चप्पल घालून गेली. ती येईपर्यंत कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि ताई पूर्ण वेळ जिन्याखालच्या उघड्या दाराकडे बघत बसली होती.