बिनकाट्याचं रोप

आमच्या गारखेड्याच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका राहतात, कॅक्टसचे एकदम वेडे! दुसऱ्याच्या कुंडीकडंपण ते बाजारात भाजी निवडल्यासारखं बघतात. त्यांनीच मला कॅक्टसच्या एका फळातल्या बिया दिल्या. सगळी रोपं काटेरी आली, फक्त एकाला काटेच नाहीत, नुसता पांढरा कापूस! मला तेच लई आवडलं.

काका रोज आमच्या गॅलरीत येऊन, चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "कमजोर हाय ते, पोरी. दे फेकून." दुसऱ्या दिवशी परत, "फेकलं का?" अरे, एवढी घाई कशाला? मला डाऊट आला.

मग मी वाळून गेलेलं एक काटेरी रोप खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, काकांना सांगितलं, "फेकलं बरं का!" आणि पडद्याआड उभी राहिले.

काका आलेच. चमच्यानं कचरा उकरला, रोप अलगद रुमालावर घेतलं, चष्मा वर करून बघितलं आणि थेट माझ्या खिडकीकडं बघून ओरडले, "हे ते नाय!"

लाज तर नाहीच! तेव्हापासून माझं रोप खोलीत, खिडकीला कडी. आज सकाळी काका जिन्यात भेटले. चष्मा कपाळावर.

"पोरी, फेकलं का?"