हिरेमठ सरांची पाटी

आमचे हिरेमठ सर लग्नाला आले की नवरा-नवरीकडे नंतर बघायचे. आधी कार्यालयाची भिंत. यजमान हातात फेटा घेऊन ताटकळलेले आणि सर जिन्याखाली मीटरच्या पेटीशी वाकून काहीतरी शोधतायत! "काय हरवलं काय पावणं?" एका वाढप्यानं विचारलं. सर कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले. "हे कुणी बांधलंय त्याचं नाव शोधतोय. सापडंना. दमलो की."

'दमलो की' हे त्यांचं पालुपद. वर्गात शिरले की आधी हे, मग खुर्ची, मग चीन.

सर निपाणीचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि शांघायच्या एका आर्किटेक्ट फर्ममध्ये नऊ वर्षं काढल्यामुळे कामापुरती चिनी. अव्वा, म्हणजे त्यांची आई, अंथरुणाला खिळली म्हणून परतले आणि कोल्हापुरात आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. विषय, चीनमध्ये आर्किटेक्टचा व्यवसाय कसा चालतो. माहितीपत्रकात बरं दिसतं म्हणून ठेवलेला. वेळ शुक्रवारी दुपारी दोन, म्हणजे डबे खाऊन पोरं पेंगायची वेळ. शेजारच्या वर्गात मी बांधकाम साहित्य शिकवायचो. माझी पोरं पेंगली की मी खुशाल सरांच्या दाराशी जाऊन उभा राहायचो.

"बाहेरच्या आर्किटेक्टनं तिथं फक्त कल्पना काढायची," सर सांगायचे. "बांधकामाची ड्रॉइंग तिथली डिझाइन संस्था काढणार. शिक्का तिचा. मालक जेवता जेवता छप्पर बदलणार, आणि नवं छप्पर सोमवारी सकाळी पायजे."

"सर, आम्ही चीनला कशाला जातोय?" एक मुलगी म्हणाली. "लई लांब गेलो तर पुण्याला."

"जाऊ नका की. पण तिथं इमारतीच्या भिंतीवर कायमची पाटी असती. डिझाइन कुणी केलं, बांधलं कुणी, देखरेख कुणाची. माणसांची नावं. इमारत जितकी वर्षं उभी, तितकी वर्षं ती माणसं जबाबदार. आता शाहूपुरीत जावा, दहा इमारती बघा, आर्किटेक्टची नावं आणा."

पोरं पुढच्या शुक्रवारी आली. नावं भरपूर आणली होती. उद्घाटन करणाऱ्यांची, देणगी देणाऱ्यांची, कुणाकुणाच्या स्मरणार्थ. एकानं तर रंगाऱ्याचा मोबाईल नंबर आणला होता. आर्किटेक्ट एकही नाही. वर्ग खो खो हसला. सरांनी फळा पुसला आणि खुर्चीत बसले.

नंतर स्टाफरूममध्ये मी त्यांना डिवचलं, "तुमचं नाव किती पाट्यांवर आहे, सर?"

"एकीवर पण न्हाय. एका शाळेचं छत मी काढलेलं. बांधून झाल्यावर बघायला गेलतो. पाटी वाचली. माझं नाव न्हवतं."

"वाईट वाटलं असेल."

"हायसं वाटलं, देसाई. उद्या पडलं तर मला कोण विचारणार न्हाय. आणि छताखाली पोरं खेळत होती." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्या हायसं वाटण्याची अजून लाज वाटती. म्हणून हे शिकवतोय."

त्याच वर्षी कॉलेजनं कॅन्टीनवर एक मजला चढवला. काम देखरेखीखाली झालं, असा आर्किटेक्टचा दाखला लागत होता. देखरेख कुणीच केली नव्हती. प्राचार्यांनी सरांपुढे कागद ठेवला. "मी वर गेलोच न्हाय. सही कशी करू?" सर म्हणाले. मीही नोंदणी झालेला आर्किटेक्ट, मग कागद माझ्याकडे आला. खोटं कशाला सांगू, अशा सह्यांसाठी माझं पेन उघडंच असायचं. सही केली आणि वर चहा मागवला.

पुढच्या शुक्रवारी सरांच्या वर्गानं प्रात्यक्षिक केलं. कॅन्टीनच्या दारात पत्र्याची सुबक पाटी. 'या मजल्याला जबाबदार: प्रा. देसाई. मजला उभा आहे तोवर.' सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी. पाटीशेजारी उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतला.

सोमवारी कॅन्टीनच्या अक्काताईंनी मला गाठलं. "देसाई सर, कढईत पाणी टपकतंय वरनं."

"मला काय सांगताय? ऑफिसात सांगा."

"सांगून दोन म्हैनं झालं. कुणाला सांगायचं तेच कळंना. आता पाटीवर नाव दिसलं. तुमीच न्हवं ते?"

हातात चहाचा ग्लास तसाच. त्या छताकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. ओल पसरली होती आणि तुळईच्या टोकाशी एक तिरपी भेग होती. भेगेखाली पोरं वडापाव खात होती. मी ग्लास खाली ठेवला.

सरांना हाताला धरून वर नेलं. दर चार पायऱ्यांना ते थांबत होते. जिन्याच्या वळणावर तुळईचं टोक हाताशी येत होतं. भेगेवर बोट फिरवून म्हणाले, "दमलोय मी, देसाई. पण हे आजच बंद करा."

मी प्राचार्यांना लिहून दिलं, 'मजला न बघता सही केली, दाखला मागे घेतो.' ते वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली. कॅन्टीन रिकामं झालं, लोखंडी टेकू लागले, इंजिनिअर आले, तुळई मजबूत करायला चार महिने गेले. सर रोज येऊन उभे राहायचे, तास नसला तरी. व्यवस्थापन कुणाला काही बोललं नाही. फक्त नव्या वेळापत्रकात शुक्रवारी दोनचा तास कोरा होता.

सरांनी टेबलाचा खण आवरला. निपाणीची एसटी चारची होती. मी म्हटलं, "जाताना चहा घेऊ." कॅन्टीनच्या दाराशी पोरं उभी होती. पाटीवर माझ्या नावाखाली त्यांनी नवी ओळ कोरली होती, 'दुरुस्तीची देखरेख: बसवराज हिरेमठ.'

सरांनी ती वाचली. मला वाटलं, आता डोळे भरून येतील, मी रुमालसुद्धा तयार ठेवला होता. पण त्यांनी मान वर केली आणि छत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं.

"झालं का आता," ते म्हणाले. "अधनंमधनं यायला लागणार की."

आणि येतात. दोन-तीन महिन्यांनी, दुपारच्या एसटीनं, गुडघे धरत. आत शिरल्या शिरल्या विचारतात, "अक्का, गळतंय काय?"

"न्हाई, सर."

"दमलो की," म्हणतात, आणि बरोबर त्या तुळईखालची खुर्ची ओढून बसतात.