कोरी सीट

"थांब. टॉवेल टाकू दे आधी."

मी गाडीचं दार उघडून एक पाय आत ठेवला होता. वहिनीसाहेब पोर्चच्या पायऱ्या उतरून आल्या. हातात घडी केलेला चौकडीचा टॉवेल. मला बाजूला व्हायला लावलं. ड्रायव्हरच्या सीटवर टॉवेल पसरला, पाठीवरून वर ओढला, कोपरे खोचले. मग म्हणाल्या, "हं. बस आता."

मी बसलो.

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. वाळूजच्या एका कंपनीत हिशेब बघणारा. खिशात टोकनचे पैसे. गाडी विकत घ्यायला आलेला. आणि निमूट टॉवेलवर बसलो. वाटलं, विकायला काढलेली गाडी आहे, जपत असतील.

उस्मानपुऱ्यातला तो बंगला मला लहानपणापासून माहीत होता. बाहेरून. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्या घरी जवळजवळ चाळीस वर्षं ड्रायव्हर होते. आधी जीप, मग एकामागून एक मोटारी, शेवटची ही पांढरी डिझेल गाडी. घरमालक दादासाहेब, वहिनीसाहेब त्यांच्या पत्नी. कन्नडकडं त्यांची बागायत, शहरात ठेकेदारी. शेतीवर, कारखान्याच्या बैठकांना, लग्नांना, दवाखान्यात, सगळीकडं आबांनी त्यांना नेलं. चार वर्षांपूर्वी आबांचे गुडघे गेले. दादासाहेबांनी एक शर्टपीस दिला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

एवढ्या वर्षांत आबा मागच्या सीटवर कधी बसले नाहीत. गाडी रिकामी असली तरी नाही. साहेब लग्नात जेवत असायचे, बाहेर थंडी असायची, तरी आबा स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपायचे.

दादासाहेब ही गाडी विकणार असं कळलं, तेव्हाच मी ठरवलं. हीच घ्यायची. हिच्यातच आबांना मागं बसवायचं आणि मी चालवायची. एकदा कन्नडपर्यंत. बाकी मला गाडीचं काही अडलं नव्हतं.

पण मी नुसत्या भावनेवर पैसे टाकणारा माणूस नाही. आमच्या मुकुंदवाडीतले मेकॅनिक सलीमभाई बरोबर घेतले. गाडी सकाळी बघायची, इंजिन थंड असताना, हा त्यांचा नियम. आधीच चालू करून ठेवलेल्या गाडीचं दुखणं लपतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून बघितला. थंड. ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. रेडिएटरचं झाकण उघडलं, आत साधं पाणी नाही, कूलंट होतं. टायरवर छापलेलं साल वाचलं. गाडी चालू करून धूर बघितला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाई, मक्खन है. आँख बंद करके लेलो."

भावही बरा होता. मी बाजारात चार ठिकाणी विचारून आलो होतो. अशा गाडीला साडेचार लाख कुणीही मागत होतं. दादासाहेब चार म्हणत होते. इन्शुरन्स चालू, कर्जाचा बोजा नाही, आरसी बुक त्यांच्याच नावावर.

चक्कर मारायला निघालो. सलीमभाई माझ्या शेजारी. दादासाहेब मागं, डाव्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी. क्रांती चौकापर्यंत जाऊन वळलो. गिअर लोण्यासारखे पडत होते. मागून आवाज आला, "सख्यासारखाच गिअर टाकतो रे. रक्तातच हाय तुमच्या."

आबांचं नाव सखाराम. दादासाहेब आबांपेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी लहान.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, हसलो.

पोर्चमध्ये गाडी थांबवली. सलीमभाई उतरले, मी उतरलो. दादासाहेब आतच. काच वर, नजर समोर. एक क्षण मला कळेना. मग कळलं. माझ्या हातानं पुढं होऊन दार उघडलं. मी सांगितलं नव्हतं हाताला. त्यानं आपणच उघडलं. दादासाहेब उतरले आणि माझ्याकडं न बघता पायऱ्या चढून खुर्चीत बसले. आम्ही खाली उभे.

आता फक्त टोकन द्यायचं राहिलं होतं. पण एक गोष्ट मला जुळत नव्हती.

जुनी गाडी घेताना मीटरवर विश्वास ठेवू नये. मीटर मागं फिरवता येतो. म्हणून मीटरचा आकडा गाडीच्या झिजेशी ताडून बघायचा. मीटर एक लाख अठरा हजार दाखवत होता. क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. स्टिअरिंगचं कातडं दोन्ही हातांच्या जागी काळं पडलेलं. हे सगळं आकड्याशी जुळत होतं. पण टॉवेल उचलून बघितला तर खाली ड्रायव्हरची सीट नवीकोरी. दाराकडची कड, जिच्यावर घासून माणूस चढतो-उतरतो, ती पहिली दबते. तीसुद्धा ताठ. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत ही सीट असू शकत नाही.

मी विचारलं, "दादासाहेब, सीट बदलली का?"

"नाय. कंपनीची हाय."

"मग मीटरशी जुळत नाही."

ते मोठ्यानं हसले. आत वळून वहिनीसाहेबांना हाक मारली, "अहो, ऐकलं का? सख्याचा पोरगा म्हणतो सीट लई कोरी हाय!" मग माझ्याकडं वळले. "अरे, खराब कशी होईल? तुझ्या बापाला एक दिवस बिनटॉवेलचा बसू दिला नाय. एक दिवस नाय. घामाचा वास धरते सीट. आता जो ड्रायव्हर हाय, त्यालापण तसंच. म्हणून तर चार लाख म्हणतो. दुसऱ्याची गाडी बघ, ड्रायव्हरनं पार नासवलेली असती. जपलं कुणी? आम्ही. त्याचे पैसे नकोत का आम्हाला?"

मला आमच्या अंगणातली दोरी दिसली.

दर रविवारी त्या दोरीवर एक टॉवेल वाळत असायचा. चौकडीचा. आई तो वेगळा धुवायची, गरम पाण्यात, सोडा टाकून. घरात कुणी त्याला हात लावायचा नाही. साहेबांच्या गाडीचा टॉवेल. मी सातआठ वर्षांचा असताना एकदा अंघोळ करून त्यानं अंग पुसलं. आबांनी थोबाडीत मारली. आबांनी मला मारलेलं तेवढंच. रडत विचारलं, गाडीला टॉवेल कशाला लागतो? ते म्हणाले, "सीट तापती बाळा. पाठ भाजती."

चाळीस वर्षं मी हे खरं धरून चाललो. मी, आकडे तपासून पोट भरणारा. टॉवेल माझ्या बापाला सीटपासून वाचवतो, असं समजत होतो. तो सीटला माझ्या बापापासून वाचवत होता. माझी आई, सोड्यानं हात फाटेपर्यंत, आपल्याच नवऱ्याचा विटाळ धूत होती. आमची जात त्यांना माहीत होती. आम्हालाही होती. त्या पोर्चमध्ये तिचं नाव घ्यायची गरज कधी कुणाला पडली नाही. टॉवेल होता.

मी विचारलं, "तुमचे चिरंजीव चालवतात तेव्हा?"

"तेव्हा काय?"

"टॉवेल."

"त्याला कशाला लागतो?"

त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

मी किल्ली पायरीवर ठेवली. "गाडी नको."

"का रे? दहा-वीस हजार कमी करू का?"

"भाव बरोबर आहे."

"मग?"

"माझा बाप इतकी वर्षं या सीटवर बसला आणि त्याची एक खूण नाही. असली गाडी मला नको."

दादासाहेबांच्या तोंडावरचं हसू गेलं. "लई शिकला व्हय रे? तुझ्याशी काय बोलायचं. सख्याला पाठव."

"ते येणार नाहीत."

"येईल. फोन केला की येईल."

आम्ही वळलो. फाटकाशी येईतो वहिनीसाहेबांचा आवाज ऐकू आला, कामाच्या बाईला सांगत होत्या, "तो टॉवेल भिजत घाल गं. बसला होता तो."

सलीमभाई मोटारसायकलवर माझ्या मागं बसले. मग म्हणाले, "गाडी अच्छी थी, भाई." मी म्हणालो, "हो. चांगली होती."

घरी आबा ओट्यावर वाट बघत होते. पांढरा शर्ट घातलेला. शेजारी हार, लिंबू, नारळ. माझ्यामागं रस्त्याकडं बघितलं. "गाडी कुठाय?"

सांगितलं. सगळं सांगितलं. ते हाराच्या पाकळ्या नीट करत राहिले. मग म्हणाले, "सीट तापायची रे."

"आबा, त्या गाडीत एसी होता."

त्यांनी हार बाजूला ठेवला. मग खिशातून मोबाइल काढला. नंबर त्यांना पाठ. माझ्यासमोर फोन लावला. उभे राहिले. दुखऱ्या गुडघ्यांवर, भिंतीला धरून, फोनवर बोलायला उभे राहिले. "साहेब, चुकलं पोराचं. माफी करा. व्हय. व्हय साहेब." पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "भाकरी त्याच सीटवर बसून आणली. तू खाल्ली."

 

पुढं बीड बायपासच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून दुसरी घेतली. तशीच, पण भाव चढा आणि इंजिन तेवढं साफ नाही. ड्रायव्हरची सीट दबलेली, कड फाटलेली, मधे विडीनं जळल्याचं भोक. सलीमभाई म्हणाले, नवीन कव्हर टाकू. मी म्हणालो, नको.

पहिल्या दिवशी मागचं दार उघडून आबांना म्हणालो, बसा. त्यांनी काखेतून घडी काढली. चौकडीचा टॉवेल. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पसरला, कोपरे खोचले, आणि मग बसले. कडेवर. पाठ न टेकता. कन्नडपर्यंत तसेच.

त्या संध्याकाळी मी तो टॉवेल घेतला, फाडला आणि डिकीत टाकला. आता दर रविवारी इंजिन थंड असताना त्याच्याच तुकड्यानं ऑइलची पट्टी पुसतो. आबा ओट्यावरून बघतात.  गाडीत अजून कडेवरच बसतात.

बसू देत. या गाडीत टॉवेलवर कुणी बसणार नाही. आबा नाही, पाहुणा नाही, उद्या ड्रायव्हर ठेवला तर तोही नाही. घाम लागेल, लागू दे. वास धरेल, धरू दे. कधी तरी ही गाडी मी विकीन. घेणारा सीट बघून भाव पाडेल. मी वाद घालणार नाही. जेवढी झिजली असेल, तेवढे पैसे कापू देईन.